सात फूट दोन इंच

"आबा, फॉर्मात एकच प्रश्न राहिला," निर्मलकुमार म्हणाला. "मागच्या पुरात घरात पाणी किती आलं होतं?"

झुलालआबा खाटेवर बसले होते ते उठले. दारापर्यंत गेले, परत आले, पाण्याच्या माठावरचं झाकण उचलून पुन्हा ठेवलं. त्यांची बायको भिकुबाई गेल्याला वर्ष झालं होतं, आणि तेव्हापासून त्यांना घरात एका जागी बसवत नव्हतं. सकाळचं दूध आणायलाही ते दोनदा जात. एकदा दूध आणायला आणि एकदा नुसते.

"ते तू भिंतीवर बघ ना," ते म्हणाले.

निर्मलकुमारने मान वर केली. भिंतीवर, त्याच्या डोक्याच्याही बऱ्याच वर, गेरूची एक जाड रेघ चारही बाजूंनी फिरली होती. रेघेखाली चुन्याने काढलेले मासे होते. एक कासव होतं. कासवाला पाच पाय होते.

"आबा, ही रेघ राहिली तर गल्ली बुडाली," निर्मलकुमार म्हणाला.

धुळ्यात पांझरेच्या काठी घाटगल्ली म्हणून दहा घरांची एक गल्ली होती. नऊ घरं वर, एका ओळीत. मग दहा पायऱ्या खाली उतरल्या की झुलालआबांचं घर. त्यापुढे नदी. झुलालआबा एका जिनिंग फॅक्टरीत तीस वर्षं फिटर होते, आणि स्वस्तात मिळतं म्हणून त्यांनी हे घर घेतलं होतं. ते स्वस्त का होतं ते सहा वर्षांपूर्वीच्या पुरात समजलं.

निर्मलकुमार हा वरच्या पहिल्या घरातल्या सोहनलालचा मुलगा. बापाच्या कापडदुकानात त्याचं मन लागेना. सरकारने विमा कंपन्या ताब्यात घेतल्या, तसा तो विम्याचा एजंट झाला. पावसाळ्याआधी दहा घरं मिळवली तर एजन्सी पक्की होणार होती. गल्लीत घरं होतीच दहा.

दराची गोष्ट त्याने सगळ्यांना ओट्यावर बसवून समजावली होती. दहा घरं एकत्र घेतली तर सगळ्यांना एकच दर. मागच्या पुरात घरात वीतभर पाणी आलं असेल तर घराला वर्षाचे सोळा रुपये. तीन फुटांच्या वर गेलं असेल तर बावन्न. आणि गल्लीत ज्या घरात सर्वांत जास्त पाणी आलं, त्याचा दर सगळ्यांना.

"बावन्न?" रतिलाल शिंपी ओरडला होता. "बावन्न रुपयांसाठी मला सतरा शर्ट शिवावे लागतील! आणि सतरा शर्टांचं गिऱ्हाईक आहे कुठं?"

अडचण अशी होती की वरच्या प्रत्येक घरातही चार फुटांवर रेघ होती. पूर ओसरल्यावर सरकारने मदत जाहीर केली होती. तीन फुटांच्या वर पाणी गेलेल्या घराला दीडशे रुपये. पंचनाम्याला माणसं येण्याआधी गल्लीने एका दुपारी गेरू कालवला आणि चार फुटांवर रेघा ओढल्या. मदत मिळाली. पुढे सहा वर्षं त्याच रेघा पाहुण्यांना दाखवता दाखवता गल्लीला त्या खऱ्या वाटू लागल्या. रतिलालचं शिलाई मशीन तरंगत घाटापर्यंत गेलं आणि परत आलं, हे तो इतक्यांदा सांगून बसला होता की मशीन लोखंडाचं आहे ही गोष्ट त्याच्याही ध्यानात राहिली नव्हती.

आता जळगावहून कंपनीचे सर्व्हेअरसाहेब यायचे होते. ते यायच्या आत रेघा खाली आणायच्या होत्या.

"सोमवारी येणार," निर्मलकुमारने सांगितलं. शनिवारी गल्ली कामाला लागली.

पहिली रेघ रतिलालने पुसली आणि फुटावर नवी ओढली. ते बघून शेजारच्याने दहा इंचांवर ओढली. निर्मलकुमारची आई झमकूबाई या दोघांकडे बघून आल्या आणि त्यांनी चार बोटांवर ओढली.

"भाभी, चार बोटं म्हणजे काय पूर झाला का?" रतिलाल म्हणाला. "घागर लवंडली तरी चार बोटं पाणी होतं."

"मेरे घर में इतनाच आया था. तुला काय करायचंय?"

"माझ्या घरात फूटभर आणि मधे भिंत एक. पाणी काय भिंतीला विचारून कमी झालं?"

यावर रतिलालने आपली रेघ पुसून तीन बोटांवर आणली. झमकूबाईंनी दोन बोटांवर. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या दोन घरांत पूर आलाच नव्हता आणि एका घरात तो उंबऱ्याबाहेरून परत गेला होता.

निर्मलकुमारने डोक्याला हात लावला. "अरे, साहेब शिकलेला माणूस आहे! पाणी एका पातळीत राहतं. सगळ्यांनी वीतभर काढा. एक वीत. माझी नाही, तुझी नाही, पट्टीने मोजून नऊ इंच."

रविवारी पुन्हा चुना लागला. पहिल्या चुन्यात नीळ जास्त पडली होती, दुसऱ्यात पडलीच नाही. त्यामुळे सगळ्या घरांना चार फुटांवर एक निळा पट्टा आणि त्याखाली पांढराशुभ्र तुकडा असं दिसू लागलं. पण रेघा नऊ इंचांवर बसल्या. फक्त दहा पायऱ्या खालचं घर राहिलं.

सगळी गल्ली झुलालआबांच्या दारात आली.

"चुना आणलाय, आबा," रतिलाल म्हणाला. "तुम्ही बसा नुसते. मी करतो."

"हात लावू नको."

"अहो पण सात फूट! तुमच्यामुळे सगळ्यांना बावन्न पडतील."

"तुमची घरं पुसा ना. मी काही म्हटलं का?"

"बठ्ठी गल्ली तयार शे, आबा! तुम्ही एकलाच अडीसन बठनात!" रतिलालला राग आला की तो घरच्या बोलीत शिरत असे.

झुलालआबा बसले नव्हतेच. ते माठापासून दारापर्यंत आणि दारापासून माठापर्यंत चालत होते. रेघ खोटी आहे हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पूर आला तेव्हा ते शिंदखेड्याला एका जिनिंगच्या यंत्राच्या दुरुस्तीवर महिनाभर अडकले होते. परत आले तेव्हा घर धुऊन, सारवून, चुना देऊन झालं होतं आणि भिंतीवर ही रेघ होती. गल्लीतले बाकीचे लोक तर पाणी चढताच वरच्या धर्मशाळेत गेले होते. पाणी ओसरल्यावर जो तो आपापल्या घरातला चिखल काढण्यात होता. खालच्या घरात पहिली शिरली ती भिकुबाई, एकटी.

"इतलं पानी उनं व्हतं," भिकुबाई हात उंच करून म्हणाली होती.

झुलालआबा पोट धरून हसले होते. "गल्लीने चार फूट सांगितलं, तू सात? दीडशेच मिळणार आहेत, जास्त नाही!"

पुन्हा तिने तो विषय काढला नाही. पण दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती स्टुलावर चढून गेरूने रेघ नव्याने ओढायची, चुन्याने मासे भरायची. आणि दर आखाजीला झुलालआबा खालून म्हणायचे, "औंदा आठ फूट कर." यंदाची आखाजी पहिलीच, जिला रेघ ओढली गेली नव्हती. मासे पुसट झाले होते.

हे सगळं रतिलालला सांगायची त्यांची इच्छा नव्हती. ते एवढंच म्हणाले, "ती तिनं काढलीय."

यावर रतिलालने चुन्याची बादली खाली ठेवली. मग झमकूबाई म्हणाल्या, "पुसायची नाही ना? ठीक. झाकूया. दिसली नाही म्हणजे झालं."

सोहनलालच्या दुकानातून लाल कापडाचा एक अख्खा तागा आला. रतिलालने खिळे मारले आणि चारही भिंतींवर सात फुटांच्या उंचीवर कापड चुण्या पाडून फिरवलं. शिंप्याचा हात, चुण्या सुरेख पडल्या. कापड फार मोकळं दिसतं म्हणून झमकूबाईंनी मधेमधे आंब्याची पानं खोचली. रेघ कुठं दिसत नव्हती. झुलालआबा मात्र कापडाखाली बसवेना म्हणून अंगणात फेऱ्या मारत राहिले.

सोमवारी सर्व्हेअरसाहेब आले. बुटके, घामाघूम, हातात चामडी पिशवी. पिशवीत मोजायची टेप, विजेरी आणि रबराची एक लांबलचक नळी. वरच्या नऊ घरांत त्यांनी नऊ वेळा नऊ इंच मोजले. प्रत्येक घरात माणसं भिंतीला पाठ लावून अशी उभी होती, जणू पोलिसांची झडती चालू आहे.

"निळा पट्टा कशाचा?" साहेबांनी रतिलालच्या घरात विचारलं.

"शोभेचा," रतिलाल म्हणाला.

"सगळ्यांनीच काढलाय?"

"गल्लीत एकी फार आहे, साहेब."

दहा पायऱ्या उतरून साहेब खालच्या घरात आले, आणि दारातच थबकले. वर लाल कापड, आंब्याची पानं, उंबऱ्याशी गल्लीतली सगळी माणसं.

"अरे वा! लग्न आहे वाटतं घरात?"

"हो!" रतिलाल म्हणाला. घाईत दुसरं काही सुचलं नाही.

"कोणाचं?"

रतिलालने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. घरात एकच माणूस राहत होता.

"यांचं," तो म्हणाला.

साहेबांनी झुलालआबांकडे पाहिलं. पांढऱ्या मिशा, खांद्यावर पंचा. साहेब सभ्य होते. त्यांनी पुढे होऊन झुलालआबांचा हात हातात घेतला. "छान केलंत. उतारवयात माणसाला सोबत हवीच. जुनं विसरून—"

झुलालआबांनी हात सोडवून घेतला. कापडाचं एक टोक धरलं आणि ओढलं. खिळे एकामागून एक निघाले, पानं साहेबांच्या डोक्यावर पडली, तागा जमिनीवर आला. रतिलाल "आबा, आबा!" करत राहिला.

"माझं लग्न झालंय," झुलालआबा म्हणाले. "छत्तीस वर्षांपूर्वी. ही तिनं काढलेली रेघ."

साहेबांनी डोक्यावरचं पान काढलं. मान वर करून चारही भिंती पाहिल्या. कासवाचे पाय मोजले. मग टेप लावली.

"सात फूट दोन इंच. पाणी एवढं आलं होतं?"

झुलालआबांनी एकदा गल्लीकडे पाहिलं. नाही आलं म्हटलं की गल्लीचे पैसे वाचत होते. आणि गोष्टही खरी होती. सहा वर्षं ते स्वतःच हसत हसत येईल त्याला सांगत आले होते, की आमच्या हिने तीन फूट फुकटचे लावलेत. तेवढंच आज पुन्हा म्हणायचं होतं. फक्त आज ते ऐकून वळून बघायला ती नव्हती.

"तुम्ही स्वतः पाहिलं?" साहेबांनी विचारलं.

"मी शिंदखेड्याला होतो."

"मग?"

"ती म्हणाली, आलं होतं," झुलालआबा म्हणाले. "म्हणजे आलं होतं. लिहा."

"सतरा शर्ट," दारातून रतिलालचा आवाज आला.

साहेबांनी लिहिलं नाही. "लोक काय, काहीही म्हणतात," ते म्हणाले. "आम्ही पाण्याला विचारतो." त्यांनी स्टूल मागवलं, वर चढले, आणि तुळई जिथं भिंतीत शिरते त्या फटीत विजेरी मारली. मग खिशातली किल्ली आत घालून फिरवली. बारीक करड्या मातीची ढेपळं त्यांच्या तळहातावर पडली.

"पांझरेचा गाळ," त्यांनी वास घेऊन सांगितलं. "फटीत सात फुटांपर्यंत आहे. त्याच्या वर नाही. चुना दिला की भिंत स्वच्छ होते, पण फटीत कोणाचा हात पोचतो?"

झुलालआबांनी तळहातावरची माती पाहिली. मग साहेबांच्या पिशवीतली नळी त्यांनी न विचारता बाहेर काढली. "पाणी भरून लेव्हल लावतात ती ना?"

"हो. तुम्हाला येते लावता?"

"तीस वर्षं लावली."

नळीत पाणी भरलं. एक टोक रतिलालच्या घरातल्या नऊ इंचांच्या रेघेला धरलं, दुसरं दहा पायऱ्या उतरवत खाली आणलं. नळी पुरेना म्हणून मधे दोनदा खुणा कराव्या लागल्या. झुलालआबा पायऱ्यांवरून वरखाली असे पळत होते की साहेब त्यांना दोनदा "हळू" म्हणाले. शेवटच्या टोकातलं पाणी घरातल्या भिंतीशी स्थिरावलं. तिथं झुलालआबांनी पेन्सिलीने खूण केली. टेप लावली.

सात फूट.

"वर वीतभर असेल तर खाली सात फूट असणारच," साहेब म्हणाले. "पाण्याने कोणाला फसवलं नाही. गल्लीतली दहाही घरं बरोबर सांगतायत. असं मी पहिल्यांदा पाहतोय."

वर ओट्यावर हे ऐकून रतिलालचं तोंड उघडं राहिलं. दोन दिवस घाम गाळून, चुना उडवून, शेजाऱ्यांशी भांडून गल्लीने जे खोटं उभं केलं होतं, ते खरं निघालं होतं. "म्हणजे माझ्याकडे खरंच नऊच इंच आलं होतं?" तो हळूच निर्मलकुमारला म्हणाला. "मग ते मशीन?"

झुलालआबा अजून पेन्सिलीच्या खुणेपाशी उभे होते. तीस वर्षांत त्यांनी किती यंत्रांना लेव्हल लावली त्याचा हिशेब नव्हता. या भिंतीला लावायचं एकदाही मनात आलं नव्हतं.

झमकूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "तुम्ही हसला ना त्या दिवशी, भाऊ," त्या म्हणाल्या, "ती माझ्या ओट्यावर येऊन बसली होती दुपारभर. मी म्हटलं, जाऊ दे गं, मरद लोग ऐसेच. मला पण वाटलं होतं, जास्तच सांगते."

"तुम्हाला पण?"

"सगळ्या गल्लीला. आम्ही खोटं काढलं होतं ना, मग ती एकटी खरं कशाला काढेल?"

कंपनीचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. इंग्रजीत होतं. निर्मलकुमार ते घेऊन पायऱ्या उतरला आणि उंबऱ्यातच घुटमळला.

"आबा, चांगली बातमी आहे आणि एक वाईट आहे. वरच्या नऊ घरांना सोळा रुपये. साहेबांनी दहा घरांची अट पण काढून टाकली, माझी एजन्सी पक्की झाली."

"आणि?"

"तुमचं घर कंपनी घेत नाही. पुरुषभर पाणी आलेलं घर घ्यायचंच नाही असा नियम आहे म्हणे. बावन्न दिले तरी नाही, शंभर दिले तरी नाही."

"असं लिहून दिलंय?"

"हो. सॉरी आबा, मी साहेबांना—"

"काय लिहिलंय ते वाच. सगळं वाच."

निर्मलकुमारने मराठी करून वाचलं. सदर घराची पाहणी केली. तुळईच्या फटीतील गाळ व पाण्याची पातळी यांवरून पुराची प्रत्यक्ष उंची सात फूट असल्याची खात्री झाली. भिंतीवर घरमालकाच्या पत्नीने केलेली खूण सात फूट दोन इंचांवर आहे. सबब हा प्रस्ताव नामंजूर.

"पुन्हा वाच. खात्री झाली, तिथपासून."

निर्मलकुमारने पुन्हा वाचलं. झुलालआबा खाटेवर बसून ऐकत होते. पत्र संपलं तरी बसून होते.

"दोन इंच," ते एकदम म्हणाले. "दोन इंच वाढवलेच होते म्हणजे तिनं! मी म्हणत होतो की नाही?" आणि ते इतके मोठ्याने हसले की झमकूबाई वरून डोकावल्या.

आठवड्याभरात ते पत्र गल्लीतल्या प्रत्येकाने दोनदा ऐकलं. दूधवाल्याने ऐकलं. ज्याला विमा नाकारला गेला त्याची गल्लीला कीव यायला हवी होती, पण झुलालआबा पत्र असं मिरवत होते की रतिलालला आपल्या सोळा रुपयांची पावती दाखवायची लाज वाटू लागली.

आखाजी होऊन महिना उलटला होता. एका सकाळी झुलालआबांनी गेरू कालवला, चुना भिजवला आणि स्टूल भिंतीशी लावलं. झमकूबाई स्टूल धरायला खाली आल्या. पेन्सिलीची खूण सात फुटांवर स्पष्ट दिसत होती. त्याच्या दोन इंच वर पुसट झालेली जुनी रेघ. झुलालआबांनी ब्रश गेरूत बुडवला आणि जुन्या रेघेवर टेकवला.

"भाऊ, कागदावर तर सात फूट लिहिलंय," झमकूबाई खालून म्हणाल्या. "खरी तिथं काढा ना आता."

"कंपनीनं घर घेतलं का माझं?"

"नाही."

"मग रेघ कुठं काढायची ते कंपनीनं सांगू नये," झुलालआबा म्हणाले. "घट्ट धरा स्टूल. कासवाला पाय किती काढू?"